पोतं, वेल आणि चाळण

खरं सांगा, आजवर तुम्ही किती माणसांना गप्प केलंय? मारून नव्हे, दमदाटी करूनही नव्हे. नुसतं एक बटण दाबून. ती बोलतच राहिली, आणि तुम्हाला मात्र त्यानंतर त्यांचा शब्द ऐकू आला नाही.

मी एकोणीस जणांना केलं होतं. भोरमध्ये बसून, एका पावसाळ्यात. आणि तेव्हा मला त्याचा चांगलाच अभिमान वाटत होता.

आधी घराणं सांगते, म्हणजे दोष कुठून आला ते कळेल. माझे वडील शाळामास्तर, पण त्यांचा जीव पत्रकांत. धरणाचं पाणी, रेशनचा गहू, वेल्ह्याची बंद झालेली एसटी, काहीही झालं की बाबांचं पत्रक दुसऱ्या दिवशी तयार. आमच्या घरी ‘ज’ जहाजाचा नव्हता, ‘जाहीर निषेधा’चा होता. शाळेत माझी भाकरी पत्रकात गुंडाळून यायची, त्यामुळे मधल्या सुट्टीत माझ्या मैत्रिणींनाही शासनाच्या धोरणांची बरीच माहिती झाली होती. आई मैद्याची खळ शिजवायची, आणि बाबा आणि मी बादली घेऊन स्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत भिंती गाठायचो. बाबांचा एक नियम होता. एकाच भिंतीला पत्रक लावणारा माणूस भित्रा. भिंत कुणाची, तिथं लोक कशाला येतात, हे बघायचं नाही. लोक येतात ना? मग लावा.

ही पत्रकं छापायचे चाचा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचा छापखाना होता. एक खोली, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं ठेवायच्या लाकडी केसा, आणि मधोमध पायानं चालवायचं काळं ट्रेडल मशीन. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, उरुसाची आणि जत्रेची जाहिरात, सगळं त्याच मशीनवर. चाचा आमचा मजकूर जुळवता जुळवता त्यावर भांडायचे. मी कॉलेजात जाऊन स्वतःची पत्रकं लिहायला लागले तेव्हा तर ते एकेका वाक्याचा हिशोब मागायचे.

“पोरी, ह्या कागदावर तू तेवीस उद्गारचिन्हं मारलीस. माज्याकडं अकराच हैत.”

“मग बाकीची कुठून तरी आणा ना चाचा!”

“आता बोलण्यात पण मारायला लागली. ज्या वाक्याला चिन्हाबिगर धग न्हाई, त्ये वाक्य काढून टाक.”

मी वाक्य काढत नसे. मी म्हणे, चाचा, तुम्ही प्रस्थापितांचे हस्तक आहात. चाचा म्हणत, व्हय, आणि तुजी लग्नपत्रिका बी मीच छापणार हाय, तवा सांभाळून बोल.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा भोरमध्ये, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर, एक कॉम्प्युटर क्लास निघाला. दोन मशीन, एक फोनची लाइन आणि पुण्याहून परत आलेले एक सर. सरांनी मला एके दिवशी चर्चागट दाखवले. जगभर पसरलेल्या हजारो चर्चा, प्रत्येक विषयाची वेगळी. सर म्हणाले, “समज, एकेका विषयाची एकेक भिंत आहे. कुणीही तिथं पत्र लावावं, कुणीही त्याखाली उत्तर लावावं. मालक कुणी नाही.”

मालक नसलेल्या हजारो भिंती! (हे उद्गारचिन्ह मी ठेवणार आहे.) माझे हात खळीच्या बादलीसाठी शिवशिवायला लागले.

पत्रं सगळ्यांना तीच दिसायची, पण ती वाचायला प्रोग्राम लागायचा, आणि प्रोग्राम बदलला की तीच चर्चा वेगळी वाटायची. सरांकडे असे तीन प्रोग्राम होते. पोरं गोंधळतात, डिस्कवर जागा नाही, म्हणून एकच ठेवायचा होता. सर म्हणाले, “तुला मतं फार आहेत. महिनाभर तिन्ही वापर आणि कुठला ठेवायचा ते लिहून दे.”

तिघांची नावं इंग्रजी होती, पुढे आकडे लावलेली. मी त्यांना माझी नावं दिली.

पहिला पोतं. मेलच्या प्रोग्रामबरोबर फुकट आलेला. उघडला की सगळी पत्रं भसकन समोर ओतायचा, जशी आली तशी. उत्तर आधी, प्रश्न नंतर, मध्येच कुणाची तरी मोटारसायकल विकायची आहे. त्यात निवडायची सोय जवळजवळ नव्हतीच.

दुसरा वेल. हा कोण कुणाला बोललं ते दाखवायचा. मूळ पत्र, त्याखाली जरा आत सरकून उत्तर, त्याखाली आणखी आत सरकून उत्तराला उत्तर. भांडण कुठे फुटलं, कुणाच्या कुंपणावर चढलं, सगळं दिसायचं. वाचायला तो सगळ्यात गोड. पण वाचत असाल तोवर फोनची लाइन अडकवून ठेवायचा, त्यामुळे सरांच्या सासूबाईंचा फोन लागायचा नाही आणि मग संध्याकाळी सरांच्या घरी भांडणाचा वेल फुलायचा.

तिसरा चाळण. वेल आणि हा, दोन्ही दुसऱ्या मशीनवर. हा पाच मिनिटांत सगळी पत्रं उतरवून घ्यायचा, लाइन सोडायचा, आणि मग तुम्ही निवांत वाचा. शिवाय त्यात वेलासारखी रचना होतीच, आणि वर एक काळी यादी. एखाद्याचं नाव त्या यादीत टाकलं की त्याचं पत्र तुम्हाला दिसणार नाही. “त्याच्या पत्राखाली जी फांदी वाढेल, ती पण दिसणार नाही,” सर म्हणाले. “मुळासकट साफ.”

मी त्याच क्षणी चाळणीच्या प्रेमात पडले. इतकी वर्षं आम्ही पत्रकं लावत होतो आणि विरोधक ती फाडत होते. आता फाडणाऱ्यालाच भिंतीवरून उचलायची सोय झाली होती.

मग मी माझं पत्रक लावलं. विषय साधाच. भाटघरच्या धरणावर वीज तयार होते, डोळ्यांनी दिसते, आणि आम्ही दोन कोसांवर मेणबत्ती लावून बसतो. मी ते इंग्रजीत लिहिलं, बाबांचा नियम पाळला, आणि साठ गटांत एकदम लावून टाकलं. राजकारण, अर्थशास्त्र, विणकाम, मासे पाळणारे, जुन्या छापखान्यांचे हौशी, कुणालाही सोडलं नाही. लोक येतात ना? मग लावा. सर चहाला गेले होते, तेवढ्यात काम झालं.

दुसऱ्या दिवशी जग आमच्यावर कोसळलं. विणकामवाल्या बायकांनी मला जे सुनावलं ते मी आईला सांगितलेलं नाही. मासेवाल्यांपैकी एकानं मात्र प्रेमानं विचारलं, धरणात कुठले मासे आहेत? पण मला झोंबलं ते छापखान्याच्या गटातल्या एका म्हाताऱ्याचं पत्र. कॅनडातला कुणी निवृत्त माणूस, घराच्या तळघरात त्यानं जुनं ट्रेडल ठेवलेलं. त्यानं लिहिलं, “या पत्रात छपाईबद्दल काहीच नाही. दार उघडं दिसलं म्हणून कुणाच्याही घरात शिरणं, याला चळवळ म्हणत नाहीत.”

मी त्याला तीन पानी उत्तर दिलं. त्यात साम्राज्यवाद होता, वसाहतवाद होता आणि तळघरात मशीन ठेवून बसणाऱ्यांची सुखवस्तू वृत्ती होती. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. “तुमचा मुद्दा बरोबर असेल. भिंत चुकली.”

मी त्याला काळ्या यादीत टाकलं. पहिलं नाव त्याचं. एकदा हात बसला की सुटत नाही. आठवड्याभरात यादी एकोणीसवर गेली. चाळण उघडली की आता तिथं किती शांत, किती सुसंस्कृत वातावरण असे. जे माझ्याशी सहमत होते ते सगळे दिसत होते. म्हणजे मासेवाला.

सरांनी यादी पाहिली आणि म्हणाले, “बाई, तुम्ही सत्तेवर आलात तर आमचं काही खरं नाही.”

“लोकशाहीत ऐकायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क असतो, सर.”

“असतो की. फक्त तो तुम्ही फार मन लावून बजावता.”

त्याच पावसाळ्यात चाचांचं मशीन बंद पडलं. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, रूळ गेले. खिळ्यांना शाई लावतात ते रूळ त्या जुन्या मशीनवर सरसाचे, म्हणजे सुतार वापरतात त्या चिकट खळीचे असत, लोखंडी दांड्यावर ओतलेले, बोटानं दाबले तर मऊ लागणारे. दमट हवेनं ते वितळले, चिरले, आणि उरलेल्याला मुंग्या लागल्या. पुण्यात रूळ ओतून देणारा जो एक कारागीर होता त्यानं काम सोडलं होतं. रबरी रूळ करणाऱ्यानं चाचांच्या मशीनचं माप ऐकलं आणि हे असलं माप आता कुणी करत नाही म्हणून हात झटकले.

पानशेतच्या एका हॉटेलवाल्याला हे कसं कळलं कोण जाणे. धरणाकाठी पुण्याची मंडळी शनिवार-रविवार जेवायला येतात, त्यांच्यासाठी त्यानं नवं हॉटेल काढलं होतं. तो आला, मशीनभोवती फिरला आणि म्हणाला, “चाचा, दारातच ठेवतो. सोनेरी रंग मारून घेतो. ह्या चाकात आणि इथं वर, फुलझाडांच्या कुंड्या. पब्लिक फोटो काढेल.”

चाचा मशीनचं चाक पुसत राहिले. त्यांच्या जावयानं मात्र महिनाअखेरच्या सोमवारी टेम्पो घेऊन या असं सांगून टाकलं. खोली रिकामी झाली तर तिथं झेरॉक्सचं दुकान निघेल, हे त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं होतं असंही नाही. त्या सोमवारला अजून तीन आठवडे होते.

मी चाचांना म्हटलं, “रूळ कसे ओततात ते जगात कुणाला तरी माहीत असेलच. मी विचारते.”

“कुनाला इचारणार?”

“जगाला.”

“इचार बाई. भोरात कुनी ऱ्हायलं न्हाई.”

चाचांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. दांड्याची लांबी, जाडी, पितळेचा साचा अजून माळ्यावर आहे हे, आणि हवा फार दमट असते हेसुद्धा. छापखान्याच्या गटात लावलं. उद्गारचिन्ह एकही नाही, चाचा शेजारी बसले होते.

चाळणीत उत्तर आलं नाही, आणि बाकीचे दोन प्रोग्राम मी आता उघडतही नव्हते. पहिल्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. चाचा रोज नमाज झाली की जिना चढून यायचे, खताच्या वासानं खोकायचे आणि दारातूनच विचारायचे, “आलं का व्हय?”

“नाही चाचा.”

“लांबचा पल्ला हाय. येईल.”

मी मात्र भडकले होते. मी नवं पत्रक लिहायला घेतलं, ‘जगातील हौशी छपाईवाल्यांची श्रमिकांप्रती उदासीनता’. ते छापायला मशीन नव्हतं म्हणून जग वाचलं.

तेवढ्यात महिना भरला. सरांना अहवाल द्यायचा होता. मी तो लिहूनच ठेवला होता. चाळण ठेवा, वेल चालेल, पोतं उकिरड्यावर टाका. शनिवारी सकाळी फक्त सही करायला म्हणून गेले तर चाळणीचं आणि वेलाचं मशीन मेलेलं. आदल्या दिवशी वीज येता-जाता काहीतरी जळलं होतं. उरलं पहिलं मशीन, आणि त्यावर पोतं. चाचा जिना चढून आले. सोमवारी टेम्पो येणार होता, हे दोघांनाही माहीत होतं.

“आलं का व्हय?”

“चाचा, चांगलं मशीन बंद आहे. ह्यात काही कळत नाही, सगळा कचरा एकत्र असतो.”

“ओत की. बघू कचरा.”

मी ओतलं. पडद्यावर ओळीच ओळी. मी नेहमीप्रमाणे भराभर खाली सरकवत होते. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. पण चाळीस वर्षं त्यांनी इंग्रजी पावती पुस्तकंही जुळवली होती, उलट्या अक्षरांत. शब्दाचा अर्थ नाही, तर त्याचा चेहरा त्यांना ओळखू यायचा.

“थांब. मागं घे. ह्यो रोलर हाय.”

“चाचा, तो दुसरा कुठला तरी असेल.”

“मशीनच्या खोक्यावर ह्योच शब्द हाय. हितं हाय, आणि हितं. ह्यो बग आणखी एक.”

पाच पत्रं होती. पाचही त्या म्हाताऱ्याची.

पहिलं माझ्या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी आलेलं. सरस किती, काकवी किती, दमट हवेत सरस किती वाढवायचा, कसा भिजवायचा, आणि थेट जाळावर कधीही नाही, पाण्यातल्या भांड्यातच वितळवायचा. दुसऱ्यात साच्याला आतून तेल कसं लावायचं ते. मध्ये इतरांचीही दोन पत्रं त्याच्याच पत्राखाली उत्तर म्हणून आलेली, म्हणून चाळणीनं तीही फांदीसकट छाटली होती. बाकीचे गप्प राहिले, कारण म्हाताऱ्यानं सगळं सांगितलंच होतं. तिसऱ्यात त्यानं विचारलं होतं, मिळालं का? चौथ्यात पुन्हा सगळी कृती पहिल्यापासून. पाचव्यात एवढंच होतं: “मागे मी तुम्हाला कठोर बोललो होतो. त्यामुळे तुम्ही उत्तर देत नसाल तर माझी चूक मानतो. पण त्या गृहस्थांच्या मशीनचा त्यात काय दोष?”

मी हे चाचांना मराठीत सांगत होते. चाचांनी विचारलं, “मंग इतके दिवस ही दिसली का न्हाईत?”

मी सांगितलं. यादी, बटण, सगळं. खोटं बोलायची सोय होती, मशीन मेलेलंच होतं. पण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे.

चाचांनी पडद्यावरच्या त्या शब्दावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “माज्याकडं अकरा चिन्हं हैत म्हणून तू मला हस्तक म्हंतीस. तरी तुजं पत्रक मी छापतोच ना? एकदा तरी केस बंद केली का म्या?”

सरांनी हळूच खिडकीकडे तोंड फिरवलं. ते हसत होते की नव्हते, ते मी पाहिलं नाही.

रागवायला वेळही नव्हता. सरस सुताराकडून आणला, काकवी एका गुऱ्हाळवाल्याच्या घरून. ती बघून चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, “म्हणून मुंग्या! आणि ह्ये इचारायला आमी कॅनडाला गेलो.” सरस शनिवारभर भिजला. रविवारी सकाळी चाचींचं सगळ्यात मोठं पातेलं न विचारता घेतलं, ही दुसरी घुसखोरी. वास असा सुटला की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून गेली. चाची दारात उभ्या राहून म्हणाल्या, “त्या पातेल्यात आता बिर्याणी तुमच्या क्यानडावाल्यालाच घाला.” म्हाताऱ्यानं लिहिल्याप्रमाणे एका कडेनं, बारीक धारेनं ओतलं, म्हणजे बुडबुडे धरत नाहीत. साचा एकच, त्यामुळे दिवसभरात दोन रूळ निघाले. तिसऱ्यावाचून भागवायचं ठरलं. चार दिवस मुरू द्या असं त्यानं बजावलं होतं. आमच्याकडे एक रात्र होती.

सोमवारी टेम्पो आला. हॉटेलवाला उतरला, बरोबर सोनेरी रंगाचा डबाही घेऊन. चाचांनी त्याला बसवलं, चहा दिला, पायानं मशीन हलवलं आणि म्हणाले, “एक कागद काढू द्या फकस्त.”

रूळ शाईवरून फिरले, खिळ्यांवरून फिरले. पहिला कागद फिका आला. दुसरा डाव्या अंगाला लडबडला. तिसरा स्वच्छ. जावयानं तो हातात घेतला, उन्हाकडे धरला आणि टेम्पोवाल्याला जा म्हणून खूण केली. हॉटेलवाला म्हणाला, “अहो पण मी कुंड्या सांगून ठेवल्यात!” तेव्हा चाचींनी आतून ते पातेलं आणून त्याच्या हातात दिलं. सरस आत कायमचा चिकटलेला होता. मी पुढे पानशेतला गेले तेव्हा त्यात शेवंती लावलेली होती, सोनेरी रंगासकट, आणि पब्लिक फोटो काढत होतं.

त्या तिसऱ्या कागदावर काय होतं ते सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं, काहीतरी जोरदार छापावं. चाचांनी रात्रीच मजकूर जुळवून ठेवला होता, मला न विचारता, आणि तो माझ्या नावाचा होता. ‘आपली पाचही पत्रे उशिरा वाचली. चूक माझी होती. भिंतही चुकली होती. मशीन चालू आहे.’ चिन्ह एकही नाही. मी ते वाचलं, एक शब्द बदलायला सांगणार होते, आणि सांगितला नाही. इंग्रजी करून मी ते छापखान्याच्या गटात लावलं. फक्त त्याच एका गटात.

त्यानं उत्तरात विचारलं, तिसरा रूळ कधी ओतताय?

सरांसाठी लिहून ठेवलेला अहवाल मी बाजूला ठेवला आणि नवा लिहून दिला. तो तीन ओळींचा होता. वेल ठेवा, वाचायला सगळ्यात चांगला आहे, सासूबाईंना संध्याकाळी फोन करायला सांगा. चाळण ठेवली तर यादी कोरी ठेवा. पोतं काढू नका, आठवड्यातून एकदा तरी सगळं खाली ओतून बघावं लागतं. सर म्हणाले, एकच सांगायचं ठरलं होतं. मी म्हटलं, माझी मतं फार आहेत, तुम्हीच म्हणाला होतात.

म्हाताऱ्यानं नंतर माझं धरणाचं पत्रक नीट वाचून त्यावर मत दिलं, त्या मताशी मी आजही सहमत नाही. त्याबद्दल आम्ही पुढे दोन वर्षं भांडलो, योग्य त्या गटात जाऊन. माझं पत्रक आजही बरोबर आहे आणि भाटघरच्या पायथ्याशी वीज आजही जाते.

आता तुमच्याकडे माझं एक काम आहे. हा कागद खाली ठेवा आणि तुमची यादी उघडा. यंत्रात असेल तर यंत्रातली, फोनमध्ये असेल तर फोनमधली, नाहीतर मनात जी असते ती. त्यातलं एक नाव आज बाहेर काढा. शक्यतो पहिलंच, ज्याचं बोलणं सगळ्यात जास्त झोंबलं होतं ते. त्याचं न वाचलेलं जे काही साठलं असेल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि मग त्याला उत्तर लिहा. भांडा, खुशाल भांडा. फक्त आधी वाचा.